मोडली नाही, वळवली

सुदामआप्पा माणसाच्या तोंडाकडं आधी बघायचे नाहीत. आधी कानामागं बघायचे. टेबलापुढं कुणी येऊन उभं राहिलं की निजलेल्या लेकराच्या मुठीतलं खेळणं काढावं तसा त्याचा चष्मा दोन्ही हातांनी अलगद उतरवायचे, मग कानाची पाळी पुढं मुडपून मागची कातडी बघायचे. कातडी लाल असली की तोंडातून "च्च" निघायचं.

"कुणी बसवला हा? चष्मा बसवलाय का खिळा ठोकलाय?"

गिऱ्हाईक म्हणायचं, "पुण्याचा हाय आप्पा, मोठ्या दुकानातला."

"दुकान मोठं आसंल. तुजा कान कुठं मोठा हाय?"

यवतला हायवेच्या कडेला माझं सायकलचं दुकान. त्याच्या पत्र्याच्या सावलीत आप्पांचं टेबल. अठ्ठावीस वर्षं आम्ही शेजारी. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. मास्तरानं छडी मारली, मी ती दोन तुकडे करून त्याच्या हातात दिली आणि घरी आलो. परत गेलो नाही. हे लिहितोय ते एकेक अक्षर हाताला धरून आणतोय. कुणाला चुका काढायच्या असतील त्यानं खुशाल काढाव्यात. आप्पा मात्र सातवी शिकलेले, आणि अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की आप्पांकडं यायचा. शाईचं पेन, वर टोपण. बॉलपेननं काढलेल्या अक्षराला ते अक्षर मानायचेच नाहीत.

सकाळी आले की ते म्हणायचे, "जय भीम, आबा." मी म्हणायचो, "रामराम, आप्पा." त्यांनी माझा शब्द कधी घेतला नाही, मी त्यांचा घेतला नाही. पण दोन्ही शब्द दोघांनाही पोचायचे.

त्यांची एक लोखंडी पेटी होती. वरच्या कप्प्यात बोटाएवढे पेचकस, बारीक पक्कड, नाकावरच्या गाद्या. शेजारी रॉकेलची शेगडी आणि तिच्यावर वाळूची डबी. वाळू शिरूरहून आणलेली, घोड नदीची, साडीच्या फडक्यातून चाळलेली. फ्रेम तापवायची ती ह्या वाळूत. कवठे येमाईचा, केंदूरचा बाजार असला की पेटी, शेगडी आणि डबी घेऊन एसटीनं जायचे. डबी मांडीवर धरायचे. कंडक्टर म्हणायचा, "आप्पा, तूप हाय का त्यात?" आप्पा म्हणायचे, "नदी हाय."

चष्म्याला दोरी बांधलेली त्यांना सहन व्हायची नाही. दोरी लागते म्हणजे चष्मा बसवणाऱ्याला काम येत नाही, हा त्यांचा हिशोब. गिऱ्हाईकाला विचारायचंही नाही, कात्री काढून कट. कापलेल्या दोऱ्या फेकायचे नाहीत, पेटीच्या तळच्या कप्प्यात टाकायचे. एकदा साखर कारखान्यातले एक बडे पुढारी गाडीतून उतरले. चष्म्याला सोनेरी साखळी. आप्पांनी साखळीला पक्कड लावली.

पुढारी ओरडले, "अहो, अहो! साखळी हाय ती!"

"वेसण हाय," आप्पा म्हणाले. "बैलाला घालत्यात. तुमी तर सायब हाय."

साखळी काढून त्यांच्या खिशात घातली, काड्या वाळूत शेकल्या, वळवल्या, चष्मा चढवला आणि म्हणाले, "आता मुंडी हलवा. जोरात. न्हाई म्हणायची सवय न्हाई वाटतं सायबांना." गाडीतली माणसं हसली. पुढाऱ्यांनी मुंडी हलवली. चष्मा जागचा हलला नाही. ते पुन्हा साखळी घालून आलेले मी पाहिले नाहीत.

आणखी एक खोड होती. कुणी तुटका चष्मा घेऊन आलं की विचारायचे, "काय, काडीमोड झाली?" चष्म्याची कानावरची दांडी तिला आम्ही काडी म्हणतो, आणि नवराबायको वेगळी झाली तर त्याला काडीमोड म्हणतो. बायामाणसं पदर तोंडाला लावून हसायची. आप्पा म्हणायचे, "आपल्याकडं मोडत न्हाई. आपल्याकडं वळती."

काडी माणूस दाखवते, असं ते म्हणायचे. मला ती थाप वाटायची. मग एकदा हायवेला एक माणूस ट्रकखाली गेला. ओळख पटावी असं तोंड राहिलं नव्हतं, खिशात कागद नव्हता. फौजदार कागदात गुंडाळून त्याचा चष्मा घेऊन आले. एक भिंग फुटलेलं. आप्पांनी डोळे मिटले आणि दोन्ही काड्यांवरून अंगठे फिरवले.

"उजवी बाहेर गेलीया. एका हातानं वढून काढायचा हा. डावी आत दाबलीया, डाव्या कुशीवर चष्म्यासकट निजायचा." चष्मा उलटा केला. "माझ्याच हातचा हाय. कवठ्याच्या बाजारात लसूण घेऊन बसायचा. नाव न्हाई म्हाईत. बायको शिवणकाम करती."

पोलीस कवठे येमाईला गेले. खरं निघालं. पंचनाम्यावर आप्पांनी आपल्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, सही केली. फौजदार म्हणाले, "आप्पा, तुमची सही म्हंजी शिक्का." मी चहा सांगितला. आप्पांनी घेतला नाही.

"वळख पटवली म्हणून चहा प्यायचा व्हय आबा? त्याच्या बायकोला रातीपतूर तरी वाटलं आसतं, येतोय म्हणून."

आप्पांची एकच लेक, सुनंदा. केंदूरला दिली होती. सात वर्षांनी पोटच्या पोरीला घेऊन माघारी आली. का आली ते आप्पांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वेगळं व्हायचा कागद करायला दोन्हीकडची माणसं माझ्याच दुकानात बसली. सासरची म्हणाली, पोरगी आमच्या घरची. आप्पा म्हणाले, पोरगी आईची. संध्याकाळ झाली तेव्हा ठरलं की सुनंदाला कामाचा ठिकाणा आहे तोवर पोरगी तिच्याकडं. ठिकाणा नसेल तर केंदूरला, आजीआजोबांकडं. अक्षर चांगलं म्हणून तो कागदही आप्पांनीच लिहिला. त्या दिवसापासून गिऱ्हाईकाला "काडीमोड झाली का" विचारायचं त्यांनी सोडलं. "काडी निघाली का" म्हणायचे.

नातीचं नाव परी. तिला लहानपणीच नंबर लागलेला. तिचा चष्मा आप्पांनी असा बसवला होता की पोरगी माझ्या दुकानापुढच्या लिंबावर उलटी लोंबकळायची, चष्मा हलायचा नाही. "ही माझी जाहिरात," आप्पा म्हणायचे.

सुनंदाला हायवेच्या एका मोठ्या गोदामात काम मिळालं. ठेकेदाराकडून, पण आणखी चार महिने काढले असते तर कायम करणार होते. खोकी शोधायची, काढायची, पट्ट्यावर ठेवायची. पुठ्ठ्याला घासून घासून बायकांचे अंगठे गुळगुळीत व्हायचे आणि हजेरीच्या यंत्रावर उमटायचे नाहीत. म्हणून कंपनीनं चष्मे आणले. भिंगात बाण दिसायचा, कुठल्या फळीवर जायचं त्याचा. आणि चष्मा कुणी घातलाय ते त्याला आपोआप कळायचं.

"कसं काय कळतं?" आप्पांनी विचारलं. कंपनीच्या बसमधून उतरल्यावर सुनंदा परीला न्यायला आमच्याकडं यायची, तेव्हाची गोष्ट.

"घातला की काडी फाकती ना आप्पा? कुणाची किती फाकती, घालताना कुठनं वाकती, डोकं किती ताणतं, ते आतनं मोजतो. परत्येकीचं येगळं. मी शेजारणीचा घालून बघितला तर लाल दिवा."

आप्पा एवढे हसलेले मी क्वचित पाहिले. "आबा, ऐकलं का? मशिनीनं माझी विद्या चोरली!"

मी म्हणालो, "मेलेल्या माणसाला वळखंल का ती?"

"जित्याला वळखू द्या पयलं," आप्पा म्हणाले.

पण आठ आठ तास ती जाड काडी कानामागं. सगळ्या बायकांना एकाच मापाची. सुनंदाच्या डाव्या कानामागची कातडी सोलून पांढरी पडली होती. ती केस त्यावर आणून बसायची. बापापुढं कान झाकून बसणं म्हणजे सोनारापुढं बांगडी लपवणं. आप्पांनी एकदा केस बाजूला सारले आणि "च्च" केलं. त्या दिवशी दोन गिऱ्हाईकांना विनाकारण खेकसले.

एका दुपारी पाळी सुटताना गोदामातली लाईट गेली. चष्मे ठेवायच्या कप्प्यांची दारं विजेवरची, ती उघडेनात. बाहेर बस हॉर्न देत होती. सुनंदानं चष्मा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला, सकाळी ठेवीन म्हणून. टेबलापाशी आल्यावर तिनं तो बाहेर काढून दाखवला.

"आप्पा, हात लावू नका हां. कंपनीचा हाय."

"हात कोण लावतंय? बघतोय नुसतं."

ती परीला घेऊन दळण आणायला गिरणीत गेली. मी एका वाकड्या चाकाचा आऊट काढत होतो. आप्पांनी चष्मा उचलला, डोळे मिटले, काड्यांवर अंगठे फिरवले. मग एक फडकं वाळूच्या डबीवर शेकलं. आत वायरी असणार, वाळूत घालायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. डाव्या काडीच्या टोकाला ते ऊन फडकं गुंडाळून धरलं, लेकराचं पोट शेकावं तसं. आणि दोन्ही अंगठ्यांनी किंचित वळवलं. सोडा म्हणून मी सांगायला पाहिजे होतं. पण त्यांचे हात चालताना बघायला मला आवडायचं, मी चाक फिरवायचं थांबवून बघत बसलो.

"केसाएवढं," आप्पा म्हणाले. "एवढ्यानं काय व्हतंय?"

दुसऱ्या दिवशी सुनंदा दुपारच्या आतच परत आली. चष्मा तिला ओळखेना. चढायचा, पण लाल दिवा. दहादा घातला, दहादा लाल. साहेब म्हणाले, तुझ्या नावावर आजवर दुसरीच बाई काम करत होती काय? खरी कोण, तू का ती? तिला गेटबाहेर बसवलं. ती काम करायची त्या रांगेवर देखरेख करणारा बिहारकडचा एक पोरगा होता, त्यानं हळूच सांगितलं, "दीदी, टेंशन मत लो. मंगल को नया रजिस्टर कर देंगे. तब तक किसी से कुछ बोलना मत."

सुनंदानं हे सांगितलं तेव्हा आप्पा खाली मान घालून वाळू चाळत होते. ती त्यांच्या हातांकडं बघत राहिली. तिला कळलं.

"मंगळवारपतूर गप ऱ्हावा, आप्पा," एवढंच म्हणाली.

पण यवत गप राहीना. चष्मेवाल्याची लेक दुसऱ्या बाईच्या नावानं हजेरी लावायची, असं बोलणं दुकानाच्या पत्र्यापर्यंत आलं. एकजण टेबलापुढं उभा राहून हसत म्हणाला, "आप्पा, तुमी चष्मा वळखता, लेकीला न्हाई का वळखलं?" आप्पा पेचकस पुसत राहिले. माझ्यानं ते बघवेना. माझा स्वभाव असा की ऐकून घ्यायचं म्हणजे मला गुन्हा वाटतो.

मी म्हणालो, "लेकीला लबाड म्हणत्यात आन् तुम्ही मंगळवारची वाट बघताय? तुमच्या सहीवर फौजदारानं मड्याची वळख मान्य केली. हे कोण लागून गेलं? चला, जाऊन सांगू. खरं हाय ते सांगायला कुणाच्या बापाचं भ्या हाय?"

"सुनंदा गप ऱ्हावा म्हणाली."

"ती लेक हाय. तुम्ही बाप हाय."

सोमवारी सकाळी आम्ही सहा आसनी रिक्षेनं गेलो. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता, खिशाला पेन. लोखंडी पेटी बरोबर घेतली. गेटवर नाव सांगितलं तर साहेब स्वतः बाहेर आले. तरुण पोरगा, बोलायला गोड. खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं. "बसा ना बाबा." मला वाटलं, बघा, माणसाशी माणूस बोलला की कसं होतं.

आप्पांनी सगळं सांगितलं. कान, कातडी, फडकं, अंगठा. अंगठे वर करून दाखवले. अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाईकाला सांगितलं नसेल इतकं नीट सांगितलं.

साहेब म्हणाले, "म्हणजे चष्मा घरी आला होता?"

"घरी न्हाई. टेबलावर. यवतला."

"म्हणजे गेटबाहेर."

"व्हय की. तितंच वळवला."

"हे लिहून द्याल, बाबा?"

"देतो की." आप्पांना हेच पाहिजे होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मांडीवर पेटी ठेवून लिहिलं. अजून माझ्या डोळ्यांपुढं तो कागद आहे. "सदर चष्मा माझ्या मुलीने एक दिवस बाहेर आणला असता मी तिच्या नकळत त्याची काडी वळवली. मोडलेली नाही, वळवलेली आहे. मुलीचा यात दोष नाही." खाली सही. साहेबांनी साक्षीदार विचारला. मी पुढं झालो. चौथी सोडलेल्या माणसाला सही मागितली की त्याचा हात आधीच लांब होतो. पूर्ण नाव घातलं मी, आडनावासकट, जोडाक्षर न चुकता.

मग आप्पा म्हणाले, "सायब, तेवढा चष्मा द्या. व्हता तसा करून देतो. केसाएवढं वळवलंय, तेवढंच मागं घ्यायचं. बोटाला आठवण हाय."

टेबलावर एका पारदर्शक पिशवीत चष्मा होता. आप्पांनी हात पुढं केला. साहेबांनी पिशवी आपल्याकडं ओढून घेतली.

"नको बाबा. आता तो पुरावा आहे."

आप्पांचा हात तसाच टेबलावर राहिला. मला बाकी काही कळलं नाही, पण पुरावा हा शब्द मला पोलिसांच्या तोंडचा माहीत होता.

त्याच दुपारी सुनंदाला पत्र मिळालं. ती ते घेऊन टेबलापाशी आली आणि आम्हाला वाचून दाखवलं. कंपनीची वस्तू विनापरवाना बाहेर नेली, वडिलांकडून तिची मोडतोड करवली, वडिलांचा लेखी जबाब साक्षीदारासह सोबत जोडला आहे, सबब कामावरून कमी. हजेरीच्या लबाडीचा त्यात एक शब्द नव्हता. त्याची गरजच उरली नव्हती.

तिनं पत्राची घडी घातली. "आप्पा, उद्याच नोंद घेणार व्हते," म्हणाली. आवाज चढवला नाही. माझ्याकडं तर बघितलंही नाही.

आप्पा म्हणाले, "मोडतोड? मी मोडली न्हाई. वळवली. लिवलंय की तसं."

पुढं किती दिवस ते हेच म्हणत होते. गिऱ्हाईकाला, कंडक्टरला, पाणी द्यायला आलेल्या बाईला. "मोडली न्हाई. वळवली." ऐकणाऱ्याला अर्थ लागायचा नाही, तो हो म्हणून निघून जायचा.

सुनंदा दुसऱ्या गोदामांच्या गेटवर जाऊन आली. ठेकेदार सगळीकडं तेच, नाव सांगितलं की यंत्रात बघायचे आणि नाही म्हणायचे. दोन महिन्यांनी केंदूरची माणसं आली. भांडण केलं नाही, चांगली बोलली. जुना कागद त्यांनी आप्पांच्या टेबलावर ठेवला. कामाचा ठिकाणा नसेल तर पोरगी केंदूरला. आप्पांनी आपलंच सुंदर अक्षर शेवटपर्यंत वाचलं, "बरोबर हाय" म्हणाले आणि कागद परत दिला.

त्या हिवाळ्यात आप्पा गेले. त्याआधी टेबलापाशी बसलेलं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका गुरुवारी, परीला केंदूरला सोडायच्या दिवशी. सुनंदा तिला पोचवून तशीच पुण्याला जाणार होती, कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला. ती रस्त्याच्या पलीकडं एसटीच्या थांब्यावर पिशव्या घेऊन उभी होती, तोंड गाडी येते त्या बाजूला. बापाशी बोलणं तिनं पत्र आलं त्या दिवसापासून सोडलं होतं. परी एकटीच रस्ता ओलांडून आली.

"आजोबा, चष्मा ढिला झालाय. आई म्हणली, नीट करून घे."

पोरगी वाढत होती, फ्रेम सैल पडली होती. आप्पांनी तिचा चष्मा दोन्ही हातांनी उतरवला. कान मुडपून बघितला. काड्यांवरून अंगठे फिरवले. शेगडी पेटलेली होती. दोन मिनिटांचं काम. मी बघत होतो, आणि अंगठे काडीवर येऊन थांबले ते हलेचनात. आप्पांनी चष्मा खाली ठेवला आणि पेटीचा तळचा कप्पा उघडला. आत नुसत्या दोऱ्या. काळ्या, तपकिरी, मण्यांच्या, लोकांच्या कापून घेतलेल्या. त्यातली एक काळी काढून त्यांनी दोन्ही काड्यांना गाठी मारल्या.

परी म्हणाली, "आजोबा, तुमी तर दोऱ्या कापता."

"ही ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

पलीकडं गाडी लागली. सुनंदानं हाक मारली, "परी!" पोरगी पळत सुटली. पळताना चष्मा नाकावरून घसरला आणि दोरीला अडकून गळ्यात लोंबकळला. तिनं तो एका हातानं धरला आणि गाडीत चढली.

आप्पांनी पेटी मिटली, डबी तशीच ठेवून उठले आणि थांब्याच्या उलट्या बाजूला चालायला लागले. मी त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि वाळूवर हात ठेवून बघितला. चांगली तापलेली होती.